पहिली लोंबी आणि पतपेढीची वही

ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्या रविवारी, भाताची शेते पिवळी पडू लागलेली असताना, मुंबई, साष्टी व वसई या पट्ट्यातील अनेक धर्मग्रामांत आगेऱ्याचा सण साजरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणल्या जातात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात आणि मग त्या लोंब्या घरोघरी जातात. गोव्यात याच सणाला कणसांचे फेस्त म्हणतात. तेथे तो गावागणिक निरनिराळ्या दिवशी येतो. राय या गावी ५ ऑगस्टला, तर ताळगावी २१ ऑगस्टला. नाव निराळे, तिथी निराळी. पण भाव एकच. घरातील कोणाच्याही मुखी नवा घास पडण्यापूर्वी, ज्याने तो दिला त्याच्यासमोर तो ठेवावयाचा.

आज मात्र या सणात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. ज्या धर्मग्रामांत एकेकाळी चर्चच्या पायरीपासून शेते सुरू होत, तेथे आता इमारती उभ्या आहेत. कित्येक ठिकाणी आगेऱ्याची लोंबी दुसऱ्या गावाहून मागवावी लागते. मिरवणुकीत चालणाऱ्या माणसांपैकी फार थोड्यांचा नांगराशी संबंध उरला आहे. कोणी बँकेत आहे, कोणी जहाजावर, कोणी आखातात, कोणाची मुले कॅनडात वा ऑस्ट्रेलियात. घरात पूर्वी कधी नव्हता इतका पैसा आहे, मुलांपुढे पूर्वी कधी नव्हत्या इतक्या वाटा आहेत. मग ज्याचे पीक शेतात नाही, पासबुकात आहे, त्याने वेदीपुढे काय न्यावे? आणि न्यावे तरी का? हे सारे त्याने स्वतःच्या शिक्षणाने, स्वतःच्या घामाने मिळविलेले नाही काय?

या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देणे सोपे आहे. परंतु ख्रिस्तसभेच्या इतिहासात डोकावले, तर तेथे अधिक भरीव उत्तर सापडते. कृतज्ञता, माणसाची कृतार्थता आणि त्याची मिळकत या तीन गोष्टी आपल्या परंपरेने कधीच तीन वेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या नाहीत. जेव्हा जेव्हा त्या वेगळ्या पडल्या, तेव्हा तेव्हा कोणीतरी उठून त्यांची पुन्हा सांगड घातली. त्या सांगडीचा हा धावता आढावा.

शब्दांची साक्ष

प्रारंभी आपल्या भाषेलाच साक्षीला बोलावू. ‘कृत’ म्हणजे केलेले. ज्याचे करावयाचे ते करून झाले, ज्याचा हेतू सफळ झाला, तो कृतार्थ. आपल्यासाठी कोणी काय केले हे जो जाणतो, तो कृतज्ञ. आणि ते केलेले जो मनातून नाहीसे करतो, तो कृतघ्न. तीनही शब्द एकाच मुळातून फुटलेले. मी काय केले एवढेच पाहणाऱ्याला वाटते की आपण कृतार्थ झालो. माझ्यासाठी काय काय केले गेले हेही जो पाहतो, त्याचीच कृतार्थता खरी.

दुसरा शब्द अधिक टोचणारा आहे. पत्राच्या शेवटी आपण लिहितो, ‘आपला ऋणी’. ऋण म्हणजे कर्ज. उपकाराची जाणीव आणि सावकाराची बाकी या दोहोंसाठी मराठीने एकच शब्द वापरला आहे. हा शब्द जितका सुंदर, तितकाच धोक्याचा. कारण कृतज्ञ माणूस मान लववितो आणि कर्जदारही मान लववितो. या दोन लवलेल्या मानांतील फरक ओळखणे, हीच या इतिहासातील कळीची गोष्ट आहे.

टोपलीतले पीक

बायबलमधील अनुवाद या ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात शेतकऱ्यासाठी एक विधी सांगितला आहे. त्याने भूमीचे पहिले फळ टोपलीत भरून परमेश्वराच्या स्थानी न्यावे, याजकाने ती टोपली वेदीपुढे ठेवावी, आणि मग शेतकऱ्याने बोलावे. पण त्याने बोलावयाचे काय? या वर्षी पाऊस चांगला झाला, बियाणे उत्तम निघाले, असे नव्हे. त्याने आपल्या घराण्याचा इतिहास सांगावयाचा: आपला पूर्वज भटका अरामी होता, मूठभर माणसांनिशी तो मिसर देशात उतरला, तेथे त्याचे वंशज गुलाम झाले, त्यांनी आक्रोश केला, परमेश्वराने तो ऐकला आणि त्यांना या भूमीत आणले. म्हणून हे पीक.

येथे लक्षात येते की इस्राएलची कृतज्ञता म्हणजे केवळ मनाची प्रसन्नता नव्हती. ती स्मृती होती. आजच्या भरल्या कणगीमागे कालची गुलामी उभी आहे, याची ती उजळणी होती. त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात इशाराही दिलेला आहे. घरे बांधून होतील, गुरेढोरे वाढतील, सोनेरुपे साठेल, तेव्हा माणसाला वाटू लागेल की हे वैभव माझ्याच मनगटाच्या बळाने आले. विस्मरणाचा धोका दुष्काळात नाही, सुकाळात आहे, हे त्या लेखकाला पक्के ठाऊक होते.

या स्मृतीला लागूनच हिशेब येतो. पहिल्या फळाचा विधी आटोपल्यावर शेतकऱ्याने आनंद करावयाचा, पण एकट्याने नव्हे. लेवी आणि परका यांना सोबत घेऊन. दर तिसऱ्या वर्षी दशमांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना द्यावयाचा. लेवीय ग्रंथ सांगतो की शेताच्या कडेचे पीक कापू नये आणि सांडलेल्या लोंब्या वेचू नयेत. त्या गरिबांच्या व परक्यांच्या आहेत. रूथ नावाची परदेशी विधवा बवाजाच्या शेतात वेचावयास गेली ती याच नियमाच्या आधाराने, आणि तिच्याच वंशात पुढे दावीद राजा जन्मला. शेताच्या कडेला सोडलेल्या चार लोंब्यांतून काय उगवेल, हे सोडणाऱ्याला ठाऊक नसते. सातव्या वर्षी गुलामाला मुक्त करण्याच्या आज्ञेमागेही हेच कारण दिले आहे: तू स्वतः मिसर देशात गुलाम होतास, हे आठव.

रविवारचे दान

ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी असलेल्या संस्काराला आपण ‘युखारिस्त’ म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती. प्रत्येक मिस्सा ही या अर्थाने आगेरा आहे. तेथे आपण द्राक्षे आणि गहू नेत नाही, द्राक्षारस आणि भाकर नेतो. म्हणजे देवाच्या देणगीत माणसाचे श्रम मिसळून झालेली वस्तू नेतो. देणगी आणि श्रम यांची फारकत वेदीवर होतच नाही.

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी एक अगदी व्यावहारिक सूचना आहे. यरुशलेममधील गरजू बांधवांसाठी प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आपापल्या प्राप्तीच्या मानाने, काही बाजूला काढून ठेवावे. सर्वांसाठी एकच रक्कम नाही, भावनेच्या भरात एकदाच मोठे दान नाही. मिळकतीच्या प्रमाणात आणि नियमाने. दुसऱ्या पत्रात तो या वर्गणीचे फळ सांगतो. तिने गरजूंची उणीव तर भरतेच, शिवाय अनेकांच्या मुखातून देवाची उपकारस्तुती उसळते.

सुमारे इ. स. १५५ मध्ये रोम येथे संत जस्टिन हुतात्म्याने सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती धर्माचे समर्थन लिहिले. त्यात रविवारच्या उपासनेचे एक अमोल वर्णन आहे. ग्रंथवाचन होते, प्रवचन होते, भाकर व द्राक्षारस यांवर उपकारस्तुती होते, आणि मग ज्यांची स्थिती बरी आहे ते आपल्या इच्छेप्रमाणे दान देतात. ते अध्यक्षांपाशी जमा होते आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातील बंदी व गावात आलेले परके यांची काळजी घेतली जाते. जस्टिनच्या लेखनात उपासना आणि हा निधी यांच्यामध्ये रेघ मारलेली नाही. त्याच सुमाराच्या वा त्याहूनही जुन्या ‘दिदाखे’ या पुस्तिकेत द्राक्षकुंड व खळे, गुरे व मेंढरे यांचा पहिला वाटा संदेष्ट्यांना द्यावा असे सांगून पुढे म्हटले आहे की संदेष्टा नसेल तर तो गरिबांना द्यावा.

चौथ्या शतकात ख्रिस्तसभेला राजाश्रय मिळाला, श्रीमंत माणसे तिच्यात आली आणि विस्मरणाचा जुना रोगही आला. इ. स. ३६८-६९ च्या सुमारास कप्पदुकिया प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. कैसरिया येथील संत बाझील यांनी तेव्हा, कोठारे पाडून मोठी बांधू पाहणाऱ्या श्रीमंताच्या दाखल्यावर, कोणासही चैन पडू देणार नाही असे प्रवचन केले. त्यांनी त्या माणसाला पीक वाढविल्याबद्दल दोष दिला नाही. त्यांचा प्रश्न एवढाच होता की हे तुला मिळाले कोठून, आणि कशासाठी? कोठारेच हवीत तर ती तयारच आहेत, आणि ती म्हणजे गरिबांची घरे, असे त्यांनी सांगितले. ते बोलून थांबले नाहीत. त्यांनी भुकेल्यांच्या अन्नाची व्यवस्था केली, आणि पुढे नगराबाहेर रुग्ण, वाटसरू व निर्धन यांच्यासाठी उभारलेली वसाहत त्यांच्याच नावाने ओळखली गेली.

कारागिराचा अभिमान

येथपर्यंत पिकाची व पैशाची गोष्ट झाली. पण माणूस केवळ पैशासाठी राबत नाही. आपल्या हातून काही चांगले घडावे, आपल्यातील गुणांचे चीज व्हावे, अशी त्याची ओढ असते. या ओढीचे ख्रिस्ती परंपरेने काय केले?

सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या मठनियमावलीत सत्तावन्नावा अध्याय कारागिरांविषयी आहे. मठात कुशल कारागीर असतील तर त्यांनी आपली कला नम्रतेने चालवावी. परंतु आपल्या कौशल्यामुळे मठावर आपण उपकार करीत आहोत, अशी कोणाच्या डोक्यात हवा गेली, तर त्याला त्या कामावरून दूर करावे. आणि माल विकताना तो बाहेरच्या बाजारापेक्षा थोडा स्वस्तच द्यावा. बेनेडिक्टने कला नाकारलेली नाही, विक्रीही नाकारलेली नाही. त्याने एवढेच पाहिले की कौशल्य आणि नफा यांच्या पोटात उपकारकर्तेपणाची गुर्मी वाढू नये.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी कृतज्ञतेचा विचार शास्त्राच्या काटेकोरपणाने केला. त्यांनी तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या: झालेला उपकार ओळखणे, त्याबद्दल आभार व्यक्त करणे, आणि योग्य स्थळी, योग्य वेळी, आपल्या ऐपतीप्रमाणे त्याची परतफेड करणे. ही मांडणी मनात ठेवण्यासारखी आहे. ओळखल्याविना केलेले आभारप्रदर्शन ही रीत होते. आणि परतफेडीविना केलेले आभारप्रदर्शन हे शब्दांचे दान होते. आणखी एक गोष्ट ते सांगतात. पैशाचे कर्ज फेडले की संपते. कृतज्ञतेचे ऋण प्रेमातून जन्मते, म्हणून ते जितके फेडावे तितके वाढते, आणि त्यात दुःख नसते. वर ज्या दोन लवलेल्या मानांचा उल्लेख केला, त्यांतील फरक येथे स्पष्ट होतो.

संत इग्नेशियस लोयोला यांचे चरित्र तर या प्रश्नाचे जिवंत उदाहरण आहे. १५२१ साली पाम्प्लोना येथे तोफेच्या गोळ्याने पाय मोडेपर्यंत त्यांच्या मनात एकच ध्यास होता: दरबारात नाव कमवावे, पराक्रम गाजवावा. परिवर्तनानंतर त्यांनी ती महत्त्वाकांक्षा मारून टाकली असे म्हणता येत नाही. तिची दिशा बदलली. त्यांनी आपल्या संघाला दिलेल्या विवेकपरीक्षेच्या पाच मुद्द्यांत पहिला मुद्दा पापांचा नाही. तो आहे, मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार मानण्याचा. १५४२ सालच्या एका पत्रात ते कृतघ्नतेला सर्व पापांचे मूळ व आरंभ मानतात. जो स्वतःला देणगी समजतो, तोच स्वतःचा पुरेपूर उपयोग करू शकतो. जो स्वतःला मालक समजतो, तो आयुष्यभर स्वतःची राखण करीत बसतो. इग्नेशियसच्या सहकाऱ्यांनी शाळा काढल्या, भाषा शिकल्या, सातासमुद्रापलीकडे गेले. त्यामागे ही दृष्टी होती.

उपकार की फास?

आता या इतिहासाची काळी बाजू पाहिली पाहिजे. गरजू माणसाला जो पैसा देतो, त्याच्याविषयी कृतज्ञता वाटणे स्वाभाविक आहे. ही स्वाभाविक भावनाच शतकानुशतके फास म्हणून वापरली गेली. अडल्या वेळी धान्य देणारा सावकार हा ‘मायबाप’. त्याच्यापुढे हिशेब मागणे म्हणजे बेइमानी. कृतज्ञतेच्या नावाखाली माणसाची वाचाच बंद केली गेली.

आपल्या महाराष्ट्रात हे किती टोकाला गेले, ते १८७५ साली दिसले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला सोन्याचा भाव आला आणि दख्खनच्या शेतकऱ्याला सहज कर्ज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, सरकारी सारा मात्र वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला चढविला, आणि तो उठाव आसपासच्या गावांत व अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. त्यांना हवी होती ती कर्जरोख्यांची कागदपत्रे. ती मिळाली की ते जाळीत. त्यातूनच पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. परंतु जुने रोखे जाळल्याने वा कायदा केल्याने पुढच्या पेरणीचे बियाणे येत नाही. त्यासाठी कोणीतरी निराळ्या तऱ्हेने पैसा उभा करावयास हवा होता.

युरोपात ख्रिस्तसभेने हा प्रयत्न चारशे वर्षांपूर्वीच केला होता. पंधराव्या शतकात इटलीत फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने गरिबांसाठी तारण-पेढ्या निघाल्या. १४६२ मध्ये पेरूजा येथे निघालेली पेढी त्यांतील अगदी आरंभीची होय. किरकोळ वस्तू गहाण ठेवून गरीब माणसाला लहानशी रक्कम मिळे, आणि पेढीचा खर्च भागेल एवढेच शुल्क त्याला द्यावे लागे. या शुल्कावरून मोठा वाद पेटला. हे व्याजच आहे आणि व्याज हे पाप आहे, असे डोमिनिकन पंडित कायेतान यांच्यासारख्यांचे म्हणणे होते. अखेर १५१५ साली पाचव्या लॅटरन धर्मपरिषदेत पोप लिओ दहावे यांनी निर्णय दिला की खर्चापुरते शुल्क घेणे पाप नव्हे. या पेढ्यांच्या प्रचारकांनी ज्यू सावकारांविरुद्ध द्वेष पेरला, हा त्या इतिहासावरील डाग लपविण्याचे कारण नाही. परंतु पेढीच्या मुळाशी असलेला विचार मोलाचा होता. गरिबाला भीक नको असते. ज्याची फेड करता येईल असे कर्ज हवे असते. फेड करता आली की त्याची मान वर राहते.

गावची पेढी

हाच विचार एकोणिसाव्या शतकात जर्मनीत नव्याने अंकुरला. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन हे प्रॉटेस्टंट गृहस्थ वायरबुश या खेड्याचे ग्रामप्रमुख होते. १८४६-४७ च्या हिवाळ्यात अन्नटंचाई आली, तेव्हा त्यांनी गावातील सधन मंडळींना एकत्र केले, पीठ आणले, भट्टी चालवून गरिबांना पाव दिला, तोही उधारीवर. पुढे त्यांनी अशा आणखी संस्था काढल्या. त्या श्रीमंतांच्या दानशीलतेवर उभ्या होत्या, आणि अनुभव असा आला की दानाचा उत्साह काही वर्षांत ओसरतो. तेव्हा १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे त्यांनी पायाच बदलला. कर्ज घेणारा हाच संस्थेचा सभासद, आणि सर्वांच्या कर्जाची जबाबदारी सर्वांवर. शेजारीच शेजाऱ्याचा जामीन झाला. आता कोणी दाता नव्हता आणि कोणी याचक नव्हता.

१५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. श्रमिकाला योग्य वेतन मिळावे, काटकसरीने त्याला थोडी मालमत्ता जोडता यावी, त्याने आपल्या संघटना उभाराव्यात, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. कामगाराची आर्थिक सुस्थिती ही ख्रिस्तसभेच्या चिंतेची बाब आहे, हे त्यामुळे जगभरच्या धर्मग्रामांत पोहोचले. कॅनडातील क्यूबेक प्रांतात अल्फोन्स देजार्दीं यांनी १९०० साली लेव्ही या गावी लोकपेढी स्थापिली, आणि तिच्या शाखा धर्मग्रामांच्या आधाराने वाढल्या.

भारतात फ्रेडरिक निकल्सन यांनी मद्रास सरकारसाठी तयार केलेल्या अहवालांत रायफायझेनच्या कित्त्याची शिफारस केली, आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. या कायद्याचा उपयोग करून घेणाऱ्यांत एक येशूसंघीय धर्मगुरू होते. छोटा नागपूरच्या मुंडा आदिवासींत काम करणारे फादर योहान होफमन हे मूळचे जर्मन. आदिवासींच्या जमिनी सावकार व जमीनदार यांच्या घशात जात असलेल्या त्यांनी पाहिल्या. १९०८ च्या छोटा नागपूर कूळ कायद्याच्या घडणीत त्यांनी साह्य केले. पण कायदा जमीन राखील, भूक भागविणार नाही, हे ओळखून १९०९ साली त्यांनी कॅथलिक सहकारी पतसंस्था स्थापिली. पहिल्या महायुद्धात, जर्मन म्हणून, १९१५ साली त्यांना भारत सोडावा लागला. ते १९२८ साली परदेशीच निवर्तले. मुंडा लोकांच्या भाषेचा व जीवनाचा महाकोश हे त्यांचे दुसरे देणे. ज्यांच्यात आपण राहिलो त्यांची भाषा जपणे आणि त्यांची जमीन राखणे, ही त्या धर्मगुरूची कृतज्ञता होती.

मंगळूरच्या कॅथलिकांनी १९१२ साली आपली सहकारी पेढी काढली, आणि १९१८ साली वसईच्या कॅथलिक समाजाने आपली. आज बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक या नावाने जी संस्था आपण ओळखतो, तिचा आरंभ त्या वर्षीचा. ते वर्ष आठवून पाहावे. महायुद्ध संपत आले होते, महागाई भडकली होती, आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने देशभर लाखो माणसे दगावली. केळी, पानवेली, भाजीपाला आणि भात यांवर जगणाऱ्या वाड्यांतील कुटुंबांपाशी शिल्लक ती किती असणार! तरीही अशा काळात लोकांनी थोडेथोडे पैसे एकत्र ठेवले. ज्याने पतपेढीत पैसे ठेवले, त्याने आपल्या पैशावर आपल्या शेजाऱ्याची पेरणी उभी केली. आणि ज्याने कर्ज घेतले, त्याने ते वेळेवर फेडून पुढच्या शेजाऱ्याची वाट मोकळी केली. वसईची अनेक घरे, अनेक विहिरी, अनेक मुलांची शिक्षणे अशाच वह्यांतील नोंदींतून उभी राहिली आहेत.

मला वाटते, ही वही म्हणजे लोंबीचेच दुसरे रूप होय. वेदीपुढच्या लोंबीत कृतज्ञतेच्या पहिल्या दोन पायऱ्या आहेत, ओळखणे आणि आभार मानणे. पतपेढीच्या वहीत तिसरी पायरी आहे, योग्य वेळी ऐपतीप्रमाणे परतफेड. आणि परतफेड ही नेहमी देणाऱ्यालाच करता येते असे नाही. आजोबांच्या कर्जाला जामीन राहिलेला शेजारी आता हयात नसतो. ज्या धर्मभगिनीने अक्षर गिरवून घेतले ती कधीच दुसऱ्या गावी बदलून गेलेली असते. तेव्हा परतफेड पुढच्या माणसाकडे जाते.

आजची टोपली

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली ‘कारितास इन वेरिताते’ या परिपत्रकात लिहिले की देणगी आणि निरपेक्षता यांना अर्थव्यवहाराच्या आतच स्थान मिळाले पाहिजे. आधी पैसा मिळवावा आणि मग उरल्यास दान करावे, एवढ्याने भागत नाही. वरील इतिहास वाचल्यावर हा विचार नवा वाटत नाही. टोपली घेऊन उभा असलेला इस्राएली शेतकरी, जस्टिनचे रविवारचे दान, बेनेडिक्टचा थोडा स्वस्त माल, होफमनची पतसंस्था, यांत तो पूर्वीपासून आहे.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. ज्याचे पीक पासबुकात आहे, त्याने वेदीपुढे काय न्यावे? त्याने मिळकतीची लाज बाळगण्याचे कारण नाही. देवाने भरलेली टोपली रिकामी करून आणा, असे पवित्र शास्त्र कोठेही सांगत नाही. मुलगी परदेशी जाऊन मोठी डॉक्टर झाली, मुलाने स्वतःचा कारखाना काढला, याचा आनंद पूर्ण मनाने साजरा व्हावा. परंतु टोपली ठेवताना घराण्याची कथा सांगावी, हा अनुवाद ग्रंथाचा नियम विसरू नये. आपले आजोबा पहाटे केळीचे घड डोक्यावर घेऊन निघत असतील, आजीने आपली सोन्याची एकदाणी गहाण ठेवून फी भरली असेल, पतपेढीतल्या कोणी सभासदाने डोळे मिटून जामीनपत्रावर सही केली असेल. ही कथा मुलांना ठाऊक नसेल, तर त्यांची संपत्ती त्यांना आकाशातून पडल्यासारखी वाटेल, आणि आकाशातून पडलेल्या वस्तूबद्दल कोणी कृतज्ञ नसतो.

कथा सांगून झाली की मग हिशेब. पहिल्या पगाराचा पहिला वाटा कोठे जातो? ज्या शाळेने आपल्याला घडविले, तिथल्या एखाद्या मुलाची फी आपल्या नावे लिहिली जाते काय? आपल्या बांधकामावर राबणारा परप्रांतीय मजूर, घरी धुणीभांडी करणारी बाई, आपल्या वाडीत कामाला येणारी आदिवासी भगिनी, यांना रोजंदारी देताना आपण त्यांच्यावर उपकार करीत आहोत असे आपल्याला वाटते काय? वाटत असेल, तर सुप्याच्या शेतकऱ्याने ज्याचे रोखे जाळले, त्याच्याच बाजूला आपण जाऊन बसलो आहोत. आपल्या शेताच्या कडेचे पीक कोणासाठी तरी सोडावयाचे असते. शेत गेले म्हणून कड जात नाही. ती आता आपल्या वेळेला आहे, ज्ञानाला आहे, पासबुकाला आहे.

दहा कुष्ठरोगी बरे झाले. दहाही जणांना आरोग्य मिळाले, दहाही जण आपापल्या घरी, आपापल्या धंद्याला लागले असतील. मागे फिरला तो एकटा शमरोनी. संत लूक सांगतो की तो मोठ्याने देवाचे गौरव करीत आला. इतर नऊजणांचे आरोग्य प्रभूने काढून घेतले नाही, हेही ध्यानात घ्यावे. कृतघ्न माणसाचीही भरभराट होऊ शकते. इतिहासात अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. पण बरे होऊन गेलेल्या त्या नऊजणांच्या वाट्याला प्रभूची पुन्हा भेट आली नाही. ती मागे फिरणाऱ्याला मिळाली.

येत्या आगेऱ्याला लोंबी दुसऱ्या गावाहून आली तरी हरकत नाही. तिच्या सोबत आपल्या घरची एक गोष्ट आणि आपल्या मिळकतीतला एक वाटा वेदीपर्यंत गेला, म्हणजे सण आपला झाला.